पायाचे डॉक्टर

"बाळ कुठाय?" सिस्टरनी विचारलं.

"कुठलं बाळ?" मी म्हटलं.

पुण्याला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. होस्टेलच्या जिन्यावर पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. मैत्रीण प्रॅक्टिकलला गेलेली, म्हणून मी एकटीच लंगडत एका मोठ्या रुग्णालयात पोचले. समोर इंग्रजी पाट्यांची ही रांग. सातारा जिल्ह्यातल्या गावात, मराठी माध्यमात शिकलेली मी. त्यातल्या निम्म्या पाट्या डोक्यावरून जात होत्या. पण 'पेडिॲट्रिक्स' दिसलं आणि जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात मी वाचलं होतं की 'पेड' म्हणजे पाय. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड. तेव्हा हे पायाचे डॉक्टर. रांगेत पुढे-मागे प्रत्येक बाईच्या कडेवर पोर होतं, एक तर माझी ओढणी धरून भोकाड पसरून बसलं होतं, तरी मला शंका आली नाही. या शहरात लहान मुलांचे पाय फारच मुरगळतात, एवढंच मनात आलं.

सिस्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी नुसता हात करून 'ऑर्थोपेडिक्स'चा रस्ता दाखवला. तिथंही 'पेड' होतंच. म्हटलं चला, धातू बरोबर होता, फक्त दार चुकलं.

तेही खोटंच निघालं, पण ते पुढे कधीतरी. लॅटिनमध्ये पाय म्हणजे 'पेस', त्याचं रूप 'पेड-'. ग्रीकमध्ये मूल म्हणजे 'पाइस', त्याचं रूप 'पाइड-'. इंग्रजीत येताना दोघांचे कपडे सारखे झाले. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये बालरोगवाल्या 'पेड'मध्ये एक जादा 'ए' असतो, तो पाटीवर असता तर कदाचित मी थबकले असते. आणि 'ऑर्थोपेडिक्स'? निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १७४१ मध्ये हा शब्द जुळवला तो 'सरळ' आणि 'मूल' या दोन ग्रीक शब्दांतून. मुलांची वाकडी हाडं सरळ करण्याची विद्या म्हणून. म्हणजे त्या दिवशी मी बरोबर दारात पोचले तेव्हाही माझं गणित चुकलेलंच होतं. दोन्ही दारांवर मूल होतं, पाय कुठेच नव्हता.

तर हे 'पेड म्हणजे पाय' मी शिकले कुठून? अप्पा बळवंत चौकातून. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक बिनकव्हरचं पुस्तक पंधरा रुपयांना मिळालं होतं. आत तक्तेच तक्ते: डावीकडे लॅटिन धातू, मध्ये अर्थ, उजवीकडे त्यातून निघालेले इंग्रजी शब्द. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपणं काढली होती, आणि चाळिसाव्या पानानंतर त्याचाही धीर सुटला होता. त्याआधी मी खिशातल्या डिक्शनरीतून रोज दहा शब्द घोकायचे. 'ए' संपायच्या आत 'ॲबॅन्डन'चा अर्थ विसरला. परीक्षेपुरती घोकंपट्टी चालते. पण शब्द म्हणजे काही पाढे नव्हेत, एक चुकला की पुढचा आपोआप येत नाही.

त्या तक्त्यांनी एकदम सगळं सोपं केलं असं मात्र झालं नाही. पहिले काही दिवस तेही घोकलंच. मग एका रात्री 'स्पेक्ट'चं पान उघडलं. 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, सस्पेक्ट, एक्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट. पुढे कुठलं अक्षर लागतं त्यावर पाहण्याचं काय होतं ते ठरतं. आणि मला आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई ऐकू आल्या. संस्कृत आम्ही घेतलं ते मार्क पडतात म्हणून. पण बाईंनी एक श्लोक असा घोटून घेतला होता की झोपेतही म्हटला असता:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो. 'हृ' एकच, पण प्रहार वेगळा, आहार वेगळा, संहार वेगळा. 'ईक्ष्' म्हणजे पाहणे, आणि त्यातून परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, निरीक्षण. मी वहीचं एक पान उभं दुमडलं. डावीकडे 'ईक्ष्', उजवीकडे 'स्पेक्ट'. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण ते पान शाबूत आहे.

त्या पानावर जरा थांबते. इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणं, तपासणी; यात काही मोठं नाही. सस्पेक्टमध्ये खालून पाहणं आहे, मान खाली ठेवून डोळे तेवढे वर. आमच्या गावचा किराणा दुकानदार उधारीवाल्याकडे असंच पाहायचा. रिस्पेक्टमध्ये वळून पुन्हा पाहणं आहे. माणूस पुढे निघून गेला तरी आपण मान वळवून त्याच्याकडे पाहतो, एवढ्या साध्या हालचालीतून आदर निघाला. डिस्पाइज म्हणजे वरून खाली पाहणं. आणि एक्स्पेक्ट? 'एक्स' म्हणजे बाहेर. बाहेर पाहत राहणं. दारात बसून रस्त्याकडे डोळे लावणं. आपण त्याला 'वाट पाहणं' म्हणतो. माझी आजी एस.टी.च्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची तेव्हा ती शब्दशः एक्स्पेक्ट करत होती, हे मला त्या रात्री होस्टेलच्या खाटेवर कळलं आणि घरची अशी आठवण आली की पान पुसट दिसायला लागलं.

आणखी एक गंमत मला बरीच उशिरा कळली. 'स्पेकेरे'चा संस्कृतमधला सख्खा भाऊ 'ईक्ष्' नव्हेच. तो आहे 'स्पश्', म्हणजे 'पश्यति'मधला 'पश्य'. आपला 'स्पष्ट' त्याच 'स्पश्'मधून आला. स्पेक्स लावले की स्पष्ट दिसतं, हे वाक्य म्हणजे एका घरातल्या दोन भावंडांनी हजारो वर्षांनी एका नाकावर बसणं आहे.

हे नातं सर विल्यम जोन्सनं २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत जाहीर भाषणात मांडलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचा उगम एक असावा. श्रेय जोन्सला जातं, जावंही. पण माझा जीव दुसऱ्याच एका इंग्रजावर आहे. थॉमस स्टीफन्स, जेझुइट पाद्री, १५७९ मध्ये गोव्याला उतरला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं नोंदवून ठेवलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. जोन्सच्या दोनशे वर्षं आधी. लॅटिन शिकून आलेला हा माणूस इथली भाषा ऐकतो आणि त्याला ओळखीचं काहीतरी ऐकू येतं. पुढे त्यानं मराठीत, ओवीबद्ध, ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये छापून निघालं. तो लॅटिनच्या बाजूनं मराठीकडे आला. मी मराठीच्या बाजूनं चाललेय, पंधरा रुपयांचं पुस्तक घेऊन.

गोव्याचं नाव निघालंच आहे तर स्वयंपाकघरात येऊ. लॅटिन आपल्याकडे दोन वाटांनी आहे. एक ही चुलत नात्याची, हजारो वर्षांपूर्वीची. दुसरी अगदी अलीकडची: पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि तिनं मराठीच्या पदरात बरंच काही टाकलं. पाव घ्या. पोर्तुगीज 'पाँव', लॅटिन 'पानिस', भाकर. याच 'पानिस'पासून इंग्रजीत पॅन्ट्री आली आणि कंपनीही: 'कॉम' म्हणजे सह, आणि भाकर. एका भाकरीचे वाटेकरी ते कंपॅनियन, त्यांची ती कंपनी. वडापाव हातात घेऊन चौघं उभी असली की तिथं दोन 'पानिस' असतात, एक हातात आणि एक चौघांत. ज्या कंपनी सरकारनं आपल्यावर राज्य केलं तिच्या नावात भाकर वाटून खाणं होतं, यावर काय बोलायचं!

चावी. पोर्तुगीज 'शाव्ह', लॅटिन 'क्लाविस'. गळ्याखालच्या हाडाला इंग्रजीत क्लॅव्हिकल म्हणतात, अर्थ 'छोटी चावी'. आणि कॉन्क्लेव्ह म्हणजे किल्लीनं बंद केलेली खोली. नवा पोप निवडायला कार्डिनल लोक जिथं स्वतःला कोंडून घेतात ती. आता शहरात दर पंधरवड्याला कसलं ना कसलं कॉन्क्लेव्ह असतं, आणि दारं सताड उघडी.

पगारही पोर्तुगीजच. त्यामागे लॅटिन 'पाकारे', शांत करणे, सावकाराला समजावणे. त्याच्या मुळाशी 'पाक्स', शांती. इंग्रजीतला पे आणि पीस दोघेही याच घरचे. पहिल्या तारखेला आमच्या घरी जी शांतता नांदायची तिला व्युत्पत्तीचा आधार आहे, हे वडिलांना सांगायचं राहून गेलं. नाताळ म्हणजे जन्माचा. त्या 'नात्'च्या मागे लॅटिनमध्ये पूर्वी एक 'ग' होता, आणि तो लावला की आपला 'जन्' समोर उभा राहतो. नेटिव्ह, नेशन, नेचर सगळी त्याचीच प्रजा. भाषाशास्त्रात असल्या भावंड-शब्दांना कॉग्नेट म्हणतात, त्यातही तोच: सह-जात.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द तुरुंग. पोर्तुगीज 'त्रोंकु', लॅटिन 'त्रुंकुस', म्हणजे झाडाचं खोड. इंग्रजीतला ट्रंक तोच. खोडाचा आणि कैदेचा काय संबंध? लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत. आपल्याकडे त्याला खोडा म्हणत. खोडापासून खोडा, त्रुंकुसपासून तुरुंग: एकाच लाकडावर दोन भाषांनी वेगवेगळी कुऱ्हाड चालवली. आता वाण्याच्या दुकानातही कुणी 'त्यानं माझ्या कामात खोडा घातला' म्हणतो. इंग्रजीत त्याला इम्पीड म्हणायचं, आणि त्यात तो माझा 'पेड' आहे, खराखुरा पायवाला: पाय आत अडकवणे. बेडीतून पाय मोकळे केले की एक्स्पेडाइट. सरकारी पत्रात 'कृपया एक्स्पेडाइट करावे' असा शेरा दिसला की मला साहेबांच्या टेबलाखाली फायलीचे बांधलेले पाय दिसतात.

मी आता पोटापाण्यासाठी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, करारमदार, औषधांची पत्रकं, कधी एखादं पुस्तक. धातूंनी मला अर्थ दिले त्यापेक्षा धिटाई जास्त दिली. लांबलचक शब्द समोर आला की तो भिंत वाटत नाही, कपाट वाटतो, कप्पे असलेलं. आणि इंग्रजी ही एकसंध परकी भाषा नाही, तिलाही आपल्यासारखेच थर आहेत, हे कळलं तेव्हा तिची भीती खरी गेली. आई, पाणी, हात, घर यांचे इंग्रजी शब्द जुने, जर्मॅनिक घरातले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्ट, कर यांची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमधून लॅटिन शब्द झिजून, गोल होऊन आले. पुढे विद्वानांनी तेच शब्द थेट लॅटिन ग्रंथांतून पुन्हा उचलले, कोरे करकरीत. म्हणून एकाच शब्दाच्या दोन आवृत्त्या. फ्रेल आणि फ्रॅजाइल. रॉयल आणि रीगल. पॉयझन आणि पोशन, मूळ दोघांचं 'पिण्याची गोष्ट' एवढंच. शुअर आणि सिक्युअर. 'से' म्हणजे विना, 'कुरा' म्हणजे काळजी, बिनघोर. आपण याला काय म्हणतो? तद्भव आणि तत्सम! हात आणि हस्त, दूध आणि दुग्ध. इयत्ता आठवीच्या व्याकरणाचा तास, फक्त पात्रं बदललेली. हे मला कुणी बारावीत सांगितलं असतं तर दोन वर्षं इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसले नसते.

इतकं सगळं म्हणूनही सांगते, धातू फसवतात. एका क्लासमध्ये सरांनी आम्हाला रंगवून सांगितलं होतं की सिन्सिअर म्हणजे 'सिने केरा', मेणाविना. लबाड शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणानं बुजवत, प्रामाणिक तेवढे बिनमेणाची मूर्ती विकत. टाळ्या पडल्या. मी ती गोष्ट दहा वर्षं लोकांना सांगत फिरले. लॅटिनमध्ये 'सिन्केरुस' म्हणजे साधं शुद्ध, निर्भेळ. मेणाची गोष्ट मागाहून कुणीतरी चिकटवलेली. सॅलरीचंही तसंच. 'सालारियम'चं नातं मिठाशी आहे, पण रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ मोजून देत याला भक्कम पुरावा नाही. खाल्ल्या मिठाला जागणारे आपण, आपल्याला ती गोष्ट पटकन पटते, म्हणून तर ती टिकते.

आणि महामार्गावरचा टँकर. मागे लाल अक्षरात 'हायली इन्फ्लेमेबल'. 'इन' म्हणजे नाही, हे मला तक्त्यानं शिकवलेलं. पुष्कळ दिवस मला वाटे, किती जबाबदार लोक, अजिबात पेट न घेणारं तेल नेताहेत. तिथला 'इन' नकाराचा नाही, पेट 'आत' शिरण्याचा आहे. या घोटाळ्यापायीच आता बऱ्याच ठिकाणी नुसतं 'फ्लेमेबल' लिहितात. आपल्याकडेही 'उप' म्हणजे जवळ, मग उपेक्षा म्हणजे जवळून पाहणं का नाही? नाही. श्लोकातच लिहिलंय, 'बलात्'. बळजबरी आहे, बेरीज नाही. बेरीज करत बसलं की लहान मुलांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

शरीराच्या बाबतीत मात्र मला ही फसवाफसवीसुद्धा गोड वाटते. रोमन माणसानं दंड फुगवला आणि त्याला कातडीखाली उंदीर पळताना दिसला. 'मूस' म्हणजे उंदीर, आपला मूषक, आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. तोच मसल. आपण दंड फुगवला की म्हणतो बेडकुळी. त्यात मला तरी बेडकीच ऐकू येते. दंड तोच, ज्याच्या-त्याच्या अंगणातलं जनावर वेगळं.

परवा भाची आली होती. तिची जीआरई आहे, परदेशी शिकायला जाण्यासाठीची परीक्षा. फोनवर शब्दांची कार्डं, आणि हातानं लिहिलेली एक गड्डी वेगळी, कारण फोनवरचं लक्षात राहत नाही म्हणते. मी तिला धातू सांगायला लागले की ती डोळे फिरवते. "मावशी, तू परत पायावर येऊ नकोस." पण त्या दिवशी तिनं स्वतःच एक कार्ड पुढे केलं. सिनिस्टर.

"लॅटिनमध्ये डावा," मी म्हटलं.

ती डावखुरी आहे. लहानपणी माझी आई तिच्या तळहातावरचा प्रसाद काढून दुसऱ्या हातावर ठेवायची, "अगं उजव्या हातानं घे गं, बाळा." भाची कार्डाकडे बघत राहिली. "म्हणजे रोममध्येही आज्या होत्याच."

"होत्याच. आणि आपल्याकडे वाममार्ग."

मग डेक्स्टेरिटी आली. लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा, आणि तो आपल्या 'दक्षिण'चा भाऊ. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. दक्षिणचं झालं दख्खन, दख्खनचं इंग्रजांनी केलं डेक्कन. भाची इथे आली ती डेक्कन क्वीननं. "म्हणजे मी उजव्या हाताच्या राणीत बसून आले," असं म्हणून ती हसली, आणि पुढचं कार्ड उचललं.

अँबिडेक्स्ट्रस.

"अँबि म्हणजे उभय. डेक्स्टर उजवा. दोन्ही हात उजवे."

"काय पण! डावा हात चांगला चालला तर त्यालाही उजवाच म्हणायचं?"

"हो."

"आपल्याकडे काय म्हणतात?"

मला आठवायला थोडा वेळ लागला. "सव्यसाची. अर्जुनाचं नाव आहे. सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानंही बाण सोडायचा तो."

"डाव्याचं नाव ठेवलं?"

"डाव्याचं."

तिनं पेन उचललं आणि कार्डाच्या मागच्या बाजूला देवनागरीत तो शब्द लिहिला. डाव्या हातानं लिहिताना तिचा तळवा नेहमी ओल्या शाईवरून फिरतो, तसा तो फिरला, आणि 'साची'ची वेलांटी पार फराटली. दुसरं कार्ड देऊ का म्हटलं, तर नको म्हणाली.